दोन याद्या, एक पट्टी: टर्मिनलवर ‘जॉइन’ कशी चालवायची

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी आठवड्यातून दोन दिवस कॉम्प्युटरवरचा हिशेब बघतो. तिथं दोन याद्या असतात. एक ऑफिसातली, तिच्यात पार्टी नंबर, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा नंबर, आणि पार्टीचं गाव. दुसरी गेटवरची, तिच्यात पार्टी नंबर आणि किती डझन माल बाहेर पडला ते. मालकांना हवी असते तिसरीच यादी, जी कुणीच लिहीत नाही: कुठल्या गावाला किती डझन गेले.

पूर्वी हे काम दिवाणजी करायचे. दोन्ही कागद शेजारी मांडायचे, प्रत्येकावर एक लाकडी पट्टी ठेवायची आणि नंबर जुळला की तिसऱ्या कागदावर उतरवायचं. नंतर एक्सेल आलं, त्यातलं नंबर जुळवून देणारं व्हीलुकअप आलं. पण व्हीलुकअप पहिला जुळलेला नंबर घेऊन गप्प बसतं, आणि याद्या मोठ्या झाल्या की ऑफिसातलं जुनं मशीन धापा टाकतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हेच काम एका ओळीत होतं. त्या कमांडचं नाव जॉइन. ती १९७९ साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून आहे आणि आजही जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये आयती मिळते. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

सुरू करण्याआधी

उबंटू किंवा दुसरं कुठलंही लिनक्स असेल तर टर्मिनल उघडा, झालं. विंडोज असेल तर पॉवरशेल ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ ही कमांड द्या आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोजच्या आतच उबंटू मिळतं. मॅकवरही जॉइन असते, पण तिला काही ऑप्शन कमी असतात. तसं जिथं आहे तिथं सांगेन.

कमांड मी इथं फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. जॉइन म्हणजे जे-ओ-आय-एन, सॉर्ट म्हणजे एस-ओ-आर-टी. ‘-के’ असं दिसलं की वजा चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान के. दोन वजा चिन्हं असतील तर दोनदा. फाइलींची नावं मात्र मी खरोखर देवनागरीत ठेवतो. उबंटूला त्याचं वावडं नाही.

आकड्यांचं तेवढं सांभाळा. या लेखात आकडे मराठी दिसतील, पण कमांडमध्ये आणि फाइलीत ते इंग्रजी अंकांतच टाइप करा. कमांडमध्ये तर ते लागतातच. फाइलीत देवनागरी अंक घातले तरी जॉइन जुळवेल, पण पुढे अंकांच्या क्रमानं लावायला किंवा बेरीज करायला गेलात की त्या कमांडना ‘१०’ हा आकडा आहे हेच कळत नाही.

दोन छोट्या फाइली

शिकताना खऱ्या फाइलीला हात लावू नका. नॅनो एडिटर उघडून पाच ओळींची ‘पार्टी’ नावाची फाइल करा. कंट्रोल-ओ आणि एंटर दिलं की सेव्ह होते, कंट्रोल-एक्सने बाहेर. माझी फाइल अशी आहे, आकडे बदललेले:

२ बार्शी
७ हैदराबाद
१० विजापूर
१४ लातूर
२५ पंढरपूर

दुसरी फाइल ‘माल’. गेटवर जसजसा टेंपो सुटला तसतशी लिहिलेली, म्हणजे क्रम असा काही नाही:

१० ४०
२ १२
१४ ६०
१० २५
३१ ८

दहा नंबरच्या पार्टीला दोनदा माल गेला आहे. सात आणि पंचवीसला काहीच गेलेलं नाही. आणि एकतीस नंबर पार्टीच्या यादीतच नाही. या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. जॉइन शिकायचं म्हणजे या तिघांचं काय होतं ते शिकायचं.

मुद्दाम चुकून बघा

आता टर्मिनलमध्ये ही ओळ द्या:

जॉइन पार्टी माल

पडद्यावर उत्तर येईल एकच: ‘२ बार्शी १२’. सोबत दोन तक्रारी येतील, एक पार्टी फाइलीच्या तिसऱ्या ओळीबद्दल, एक माल फाइलीच्या तिसऱ्या ओळीबद्दल. दोन्हींत ‘इज नॉट सॉर्टेड’ असे शब्द असतील. विजापूर गेलं, लातूरही गेलं. माल फाइलीत क्रम नव्हताच, ते ठीक. पण पार्टी फाइल तर दोन, सात, दहा, चौदा, पंचवीस अशी व्यवस्थित आहे! तिच्याबद्दल तक्रार का?

इथं दिवाणजींच्या पट्ट्या आठवा. डाव्या यादीवर एक पट्टी, उजव्या यादीवर एक. दोन्हीकडचे नंबर सारखे असतील तर जोडी लिहून घ्यायची. नसतील तर ज्या बाजूचा नंबर मागे आहे तिकडची पट्टी एक ओळ खाली सरकवायची. पट्टी कधीही वर न्यायची नाही. जॉइन अगदी असंच करते, म्हणूनच ती लाखभर ओळींच्या फाइलीही चटकन उरकते. पण यात एक गृहीत आहे: दोन्ही याद्या एकाच क्रमानं लावलेल्या असल्या पाहिजेत. नसल्या तर पट्टी ज्या नंबराच्या पुढे निघून गेली, तो नंबर कायमचा हुकला.

आणि हा क्रम अंकांचा नाही, अक्षरांचा आहे. शब्दकोशात ‘कमळ’ हे ‘कळ’च्या आधी येतं, कारण आपण लांबी बघत नाही, डावीकडून एकेक अक्षर बघतो. जॉइनला दहा हा आकडा म्हणून दिसतच नाही. तिला दिसतो ‘एक’ आणि मग ‘शून्य’. म्हणून तिच्या मते दहा आधी आणि दोन नंतर. आपल्या डोळ्यांना नीट दिसणारी पार्टी फाइल तिच्या लेखी उलटसुलट होती ती यामुळे. नवशिके जास्तीत जास्त अडकतात ते इथंच, आणि इंटरनेटवर शोधून सॉर्टला अंकांचा ऑप्शन लावतात. तो ऑप्शन, -एन, जॉइनच्या आधी कधीही वापरायचा नाही.

क्रम लावणे

सॉर्ट -के १बी,१ पार्टी > पार्टी-क्रम
सॉर्ट -के १बी,१ माल > माल-क्रम

-के म्हणजे कुठल्या रकान्यावर क्रम लावायचा ते. ‘१,१’ म्हणजे पहिल्या रकान्यापासून पहिल्याच रकान्यापर्यंत. नुसतं ‘१’ लिहिलं तर पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं तुलनेत येतं आणि कधीतरी क्रम फसतो. मधला ‘बी’ आकड्याच्या आधी असलेल्या मोकळ्या जागा सोडून देतो. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट काढला की आकडे उजवीकडे ओढलेले असतात, एकेरी नंबराच्या आधी जास्त मोकळी जागा. जॉइन ती जागा मोजत नाही, सॉर्ट मोजतं, आणि दोघांचं भांडण लागतं. बी घातला की मिटतं.

‘>’ या चिन्हाने उत्तर पडद्याऐवजी फाइलीत जातं. इथं एक गोष्ट जीव तोडून सांगतो: उत्तर त्याच फाइलीत परत लिहायला जाऊ नका. ‘सॉर्ट माल > माल’ असं दिलंत की सॉर्ट सुरू होण्याआधीच माल रिकामी होते. परत मिळत नाही. त्याच फाइलीत लिहायचं असेल तर सॉर्टला ‘-ओ माल’ असा ऑप्शन आहे. मी मात्र नेहमी वेगळं नाव देतो आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहू देतो.

आता:

जॉइन पार्टी-क्रम माल-क्रम

१० विजापूर २५
१० विजापूर ४०
१४ लातूर ६०
२ बार्शी १२

आधी सामाईक नंबर, मग पहिल्या फाइलीतला उरलेला भाग, मग दुसऱ्या फाइलीतला. विजापूर दोनदा आलं, कारण माल दोनदा गेला होता. व्हीलुकअपने इथं एकच ओळ दिली असती.

क्रम डोळ्यांना खुपतो ना, दहा, चौदा आणि मग दोन? दाखवायच्या वेळी शेवटी उभी रेघ देऊन (ती एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडच्या हाती देते) अंकांच्या क्रमानं लावून घ्या:

जॉइन पार्टी-क्रम माल-क्रम | सॉर्ट -एन

इथं -एन चालतो, कारण जोडणी होऊन गेलेली आहे.

मधल्या फाइलींचा पसारा नको असेल तर बॅश शेलमध्ये (उबंटूच्या टर्मिनलमध्ये तोच असतो) सगळं एका ओळीत बसतं:

जॉइन <(सॉर्ट -के १बी,१ पार्टी) <(सॉर्ट -के १बी,१ माल)

‘<’ आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. पण पहिला आठवडाभर तरी मधल्या फाइली ठेवा, उघडून बघा. काय चाललंय ते कळतं.

जे जुळले नाहीत ते

माझ्या मते जॉइनची खरी किंमत इथं आहे. जुळलेली यादी मालकांना द्यायची, न जुळलेली आपण बघायची.

जॉइन -व्ही २ पार्टी-क्रम माल-क्रम

-व्ही म्हणजे फक्त न जुळलेल्या ओळी, आणि २ म्हणजे दुसऱ्या फाइलीतल्या. उत्तर: ‘३१ ८’. आठ डझन टॉवेल गेटबाहेर गेले आणि ते कुणाला गेले हे ऑफिसच्या यादीला ठाऊक नाही. याचा शोध लागेपर्यंत मी पुढची कुठलीही बेरीज करत नाही. ‘-व्ही १’ दिलं तर उलटी बाजू दिसते: पंढरपूर आणि हैदराबाद, म्हणजे यादीत आहेत पण माल गेलेला नाही अशा पार्ट्या. मालक या ओळी बघून फोन फिरवतात.

सगळंच एका जागी हवं असेल तर -ए. तो जुळलेल्यांच्या जोडीला न जुळलेल्याही ओळी ठेवतो. दोन्ही बाजूंच्या हव्या असतील तर दोनदा द्यायचा. पण नुसता -ए दिला तर रकाने सरकतात: एकतीसच्या ओळीत गावाच्या जागी आठ येऊन बसतो आणि कुणाला वाटावं आठ नावाचं गाव आहे. म्हणून सोबत -ओ आणि -ई:

जॉइन -ए १ -ए २ -ई नाही -ओ ०,१.२,२.२ पार्टी-क्रम माल-क्रम

-ओ म्हणजे कुठले रकाने कुठल्या क्रमानं हवेत. शून्य म्हणजे सामाईक रकाना. ‘१.२’ म्हणजे पहिल्या फाइलीतला दुसरा रकाना, ‘२.२’ म्हणजे दुसऱ्या फाइलीतला दुसरा. -ई म्हणजे जिथं काहीच नाही तिथं काय छापायचं. मी ‘नाही’ छापतो. शून्य छापायचा मोह होतो, पण मग गावाच्या जागीही शून्य पडतं. -ई एकटा दिला तर त्याचा काही उपयोग होत नाही, -ओ बरोबर हवाच.

१० विजापूर २५
१० विजापूर ४०
१४ लातूर ६०
२ बार्शी १२
२५ पंढरपूर नाही
३१ नाही ८
७ हैदराबाद नाही

गावाच्या नावात जागा आली की

आतापर्यंत रकाने मोकळ्या जागेनं वेगळे होते. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके, त्यांतले दोन उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर. असं नाव फाइलीत आलं की जॉइनच्या हिशेबी ‘उत्तर’ एक रकाना आणि ‘सोलापूर’ पुढचा. नुसती जोडणी होते, पण -ओ वापरलात की ‘उत्तर’ एवढंच छापलं जातं.

उपाय म्हणजे रकान्यांमध्ये स्वल्पविराम घालायचा आणि तसं सांगायचं. सांगणारा ऑप्शन दोन्हीकडे -टी हाच आहे, आणि तो दोन्हीकडे द्यावा लागतो. जॉइनला दिला आणि सॉर्टला विसरलात की पुन्हा क्रमाचं रडगाणं:

सॉर्ट -टी ',' -के १,१ पार्टी > पार्टी-क्रम
सॉर्ट -टी ',' -के १,१ माल > माल-क्रम
जॉइन -टी ',' पार्टी-क्रम माल-क्रम

-टी दिला की मोकळ्या जागाही अक्षरं म्हणूनच धरल्या जातात, म्हणून इथं बी गाळला आहे.

एक्सेलमधून सीएसव्ही काढली तर ज्या नावात स्वतःच स्वल्पविराम असतो त्याला एक्सेल दुहेरी अवतरणचिन्हांत घालतं. जॉइनला त्या अवतरणांचा अर्थ कळत नाही, ती आतला स्वल्पविरामही तोडते. पत्ते असलेल्या फाइलीत हे हमखास होतं. त्यापेक्षा एक्सेलमधून टॅबने वेगळी केलेली फाइल काढा आणि -टी ला टॅब द्या. तो लिहायचा असा: आधी डॉलरचं चिन्ह, मग एकेरी अवतरणात उलटी तिरपी रेघ आणि लहान टी.

सामाईक नंबर पहिल्याच रकान्यात असेल असंही नाही. गेटच्या नव्या यादीत आधी तारीख, मग गाडी नंबर आणि तिसऱ्या रकान्यात पार्टी नंबर. तेव्हा ती फाइल तिसऱ्या रकान्यावर लावायची, म्हणजे ‘-के ३,३’, आणि जॉइनला सांगायचं:

जॉइन -टी ',' -१ १ -२ ३ पार्टी-क्रम माल-क्रम

‘-१ १’ म्हणजे पहिल्या फाइलीचा पहिला रकाना, ‘-२ ३’ म्हणजे दुसरीचा तिसरा.

पहिल्या ओळीत ‘नंबर, गाव’ असा मथळा असेल तर तो सॉर्टच्या हाती सापडून भलतीकडे जातो. लिनक्सच्या जॉइनला ‘--हेडर’ असा ऑप्शन आहे, मॅकवरच्या जॉइनला नाही. पण सॉर्टच्या वेळी मथळा बाजूला ठेवायची खटपट तरीही आपल्यालाच करावी लागते. मी सरळ मथळा उडवतो: ‘टेल -एन +२ माल > माल-उघडी’. दुसऱ्या ओळीपासून पुढचं सगळं नव्या फाइलीत येतं.

सगळं बरोबर, तरी काहीच जुळत नाही

ही वेळ प्रत्येकावर येते. दोन्ही फाइलींत दहा नंबर डोळ्यांना दिसतोय, क्रमही लावलाय, आणि जॉइन ढिम्म. अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कॅटला विचारायचं:

कॅट -ए माल

इथला ए मोठा, शिफ्ट दाबून. ही कमांड न दिसणारी अक्षरंही दाखवते. ओळीच्या शेवटी नुसतं डॉलर चिन्ह दिसलं तर ठीक. त्याच्या आधी टोपीसारखं चिन्ह आणि मोठा एम दिसला तर फाइल विंडोजमधून आलेली आहे. विंडोज ओळ संपवताना एक जास्तीचं अदृश्य अक्षर टाकतं. पार्टी नंबर शेवटच्या रकान्यात असला की ते अक्षर नंबराला चिकटतं आणि ‘१०’ हा ‘१०’ उरत नाही. फाइलीच्या अगदी सुरुवातीला मोठ्या एमने सुरू होणारे चिन्हांचे तीन विचित्र गट दिसले तर तो एक्सेलच्या ‘सीएसव्ही यूटीएफ-८’चा शिक्का. त्यामुळे फक्त पहिली ओळ जुळत नाही, आणि एकच ओळ गळाली म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्हींवर औषध एकच: ‘डॉसटूयुनिक्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम इन्स्टॉल करून फाइल त्यातून काढा. स्पेलिंगमध्ये ‘टू’ हा आकडा आहे, शब्द नाही.

आणखी दोन संशयित. एक, पुढची शून्यं. गेटवर ‘०१०’ आणि ऑफिसात ‘१०’ असेल तर जॉइनसाठी ते दोन वेगळे शब्द. एक्सेल उघडता उघडता पुढची शून्यं खाऊन टाकतं, म्हणून एक फाइल एक्सेलमधून आलेली आणि दुसरी नाही, असं असेल तर आधी हेच बघा. दोन, मशीनची भाषेची सेटिंग. तिच्यावर अक्षरांचा क्रम ठरतो, त्यामुळे एका मशीनवर सॉर्ट केलेली फाइल दुसऱ्या मशीनवर ‘क्रमात नाही’ ठरू शकते. विशेषतः पार्टीच्या नंबरात आडव्या रेघा असल्या की. अशा वेळी सॉर्ट आणि जॉइन दोन्हींच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहा, सगळी अक्षरं मोठी. मग तुलना सरळ बाइटनुसार होते, सगळीकडे सारखी. हे एक्सपोर्ट करून कायमचं लावू मात्र नका. तसं केलं की फाइलींची यादी बघताना देवनागरी नावांच्या जागी तिरप्या रेघा आणि आकड्यांची जंत्री दिसायला लागते.

काही जण विचारतात, नंबर कशाला, गावाच्या किंवा माणसाच्या नावावरच जोडू की. नका जोडू. मंगळवेढा कुणी ‘मंगळवेढे’ लिहितं. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही भाषांची आडनावं, आणि एकच तेलुगू आडनाव मराठीत तीन जण तीन तऱ्हांनी लिहितात. त्याहून वाईट म्हणजे जे लिहिलेलं सारखंच दिसतं पण असतं वेगळं. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एक आयतं अक्षर, आणि दुसरं ‘अ’वर चंद्र चढवून. पडद्यावर दोन्ही तीच, आतले बाइट वेगळे. जॉइन बाइट बघते. या एका चंद्रापायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

एकाचे चार होतात तेव्हा

न जुळणं परवडलं, निदान कळतं तरी. जास्त जुळणं वाईट. एका दिवाळीच्या आधी मी बनवलेल्या यादीत एका गावाचा माल बरोबर दुप्पट आला. मालक खूश, मीही खूश. गेटवरच्या माणसानं शांतपणे विचारलं, एवढा माल बसला कुठल्या टेंपोत? पार्टीच्या फाइलीत तो नंबर दोनदा लिहिलेला होता, आणि ते मीच केलं होतं. एका बाजूला एक नंबर दोनदा आणि दुसऱ्या बाजूला दोनदा, तर जॉइन चार ओळी देते, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडी. ती चूक नाही, तिचा नियमच तो आहे. कसली तक्रारही येत नाही.

तेव्हापासून जोडणीच्या आधी ही ओळ चुकवत नाही:

कट -डी ' ' -एफ १ पार्टी | सॉर्ट | युनिक -डी

कट पहिला रकाना कापून देतं, सॉर्ट सारखे नंबर शेजारी आणतं, युनिक -डी फक्त दोनदा आलेले दाखवतं. युनिकचं स्पेलिंग आखूड आहे, यू-एन-आय-क्यू. एकेरी अवतरणांच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. फाइल स्वल्पविरामाची असेल तर तिथं स्वल्पविराम. उत्तर रिकामं आलं तर पुढे जा. माल फाइलीत नंबर पुन्हा येणं साहजिक आहे, पार्टी फाइलीत एकदाही येता कामा नये.

जाता जाता, जॉइनशी गल्लत होते अशा दोन कमांड. पेस्ट पहिल्या ओळीला पहिली आणि दुसरीला दुसरी ओळ चिकटवते, नंबर बघतच नाही. मागावर बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) संपल्यावर नव्या बीमचे धागे जुन्याला जोडतात तसं, क्रमानं गाठी मारत जायचं. तिथं तेच हवं असतं, आपल्याला इथं नाही. आणि कॉम, दोन एमवालं, दोन फाइलींत जशाच्या तशा सारख्या असलेल्या अख्ख्या ओळी शोधतं. नुसत्या नंबरांच्या याद्या ताडायच्या तर ते पुरतं.

एकतीस नंबर

त्या आठ डझनांचं राहिलं. -व्ही २ चं उत्तर कागदावर लिहून मी दिवाणजींकडे गेलो. आता ते आठवड्यातून एखादी चक्कर मारतात. त्यांनी चष्माही वर केला नाही.

“तो होय, गड्ड्याच्या जत्रेतला. संक्रांतीला होम मैदानावर गाळा टाकतो. वर्षातून एकदाच माल नेतो. माझ्या वहीत आहे की नंबर.”

“वहीत आहे, कॉम्प्युटरात नाही.”

“मग घाला की तुमच्या कॉम्प्युटरात.”

घातला:

एको "३१ सोलापूर" >> पार्टी

इथं बाणाची चिन्हं दोन आहेत, ती दोनच हवीत. दोन चिन्हं ओळ शेवटी जोडतात. एकच दिलं तर अख्खी पार्टी फाइल पुसली जाऊन ही एकच ओळ उरते. आणि फाइलीत ओळ वाढली की पार्टी-क्रम शिळी झाली, सॉर्ट पुन्हा चालवावं लागतं. ते केलं, जॉइन पुन्हा दिली, बार्शीच्या खाली ‘३१ सोलापूर ८’ ही ओळ आली. मग -व्ही २ पुन्हा चालवलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही, नुसता कर्सर पुढच्या ओळीवर आला.